आधी पाणी, मग प्रवाळ

पोवळं हा शब्द आपल्याकडे सोनाराच्या दुकानात जास्त ऐकू येतो. मंगळ शांत व्हावा म्हणून कुणी ते अंगठीत घालतं, कुणाच्या आजीच्या माळेत ते ओवलेलं असतं. उर्दूत त्याला मूंगा म्हणतात, अरबी-फारसीत मरजान. अलीबाबाच्या गोष्टीतल्या हुशार मर्जिनाच्या नावातही हाच शब्द दडलेला आहे. दागिन्यातलं लाल पोवळं हा भूमध्य समुद्रातल्या एका जातीच्या प्रवाळाचा सांगाडा. तो घासून-पुसून अंगठीत बसतो तेव्हा त्यातला जीव जाऊन बराच काळ लोटलेला असतो. आज मला बोलायचं आहे ते जिवंत प्रवाळाबद्दल. घरातल्या छोट्या काचेच्या टाकीत ते कसं निवडावं आणि कसं सोडावं याबद्दल.

माझ्या रत्नागिरीच्या घरात अशी एक टाकी गेली सात-आठ वर्षं आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. शेजारची मुलं येतात, काचेला नाक लावतात आणि विचारतात, ‘चाचा, ही फुलं पाण्यात कशी उगवली?’ मुलांचं काही चुकत नाही. शहाणीसुरती माणसंही शतकानुशतकं प्रवाळाला वनस्पतीच समजत होती. 1720च्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने समुद्रातून काढलेली प्रवाळं पाण्याच्या भांड्यात ठेवून बघितली आणि ही फुलं नसून प्राणी आहेत असं सांगितलं. पॅरिसच्या विद्वानांना ते पटायला पुढे बरीच वर्षं लागली.

प्रवाळ म्हणजे एकेका इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती नाजूक बोटांसारख्या स्पर्शिका. गंमत पुढेच आहे. उथळ, उबदार समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. घरमालक त्याला आसरा आणि खत पुरवतो. म्हणजे प्रवाळ पाळणं हे एकाच वेळी जनावर सांभाळणं आणि शेती करणं आहे. उजेड, पाणी आणि तापमान या तिन्हींत अचानक फरक पडला की या दोघांचा संसार मोडतो. म्हणूनच नवशिक्याने लक्षात ठेवायची पहिली गोष्ट म्हणजे खरेदी प्रवाळापासून सुरू होत नाही, पाण्यापासून सुरू होते.

माझ्या मापाच्या टाकीत पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी मावतं. दगड घातल्यावर आणखी कमी. छोटी टाकी सोपी असेल असं वाटतं, पण ती अधिक अवघड असते. विहिरीत पडलेला चिमूटभर कचरा विहिरीला कळत नाही, तांब्याला लगेच कळतो.

‘समुद्र दारात असताना मीठ विकत कशाला आणता?’ हा प्रश्न कोकणात प्रत्येक जण विचारतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, होड्यांचं तेल असतं आणि पावसाळ्यात नद्या-ओढ्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरतो. प्रवाळाला हवं असतं ते खुल्या समुद्राचं पाणी, ज्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणून आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ विरघळवायचं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा हिशोब नसतो. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. विशिष्ट घनता 1.025च्या आसपास हवी.

पाणी भरलं, दगड मांडले, पंप सुरू केला की थांबायचं. चार ते सहा आठवडे. या काळात दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. कुजण्यातून अमोनिया निघतो, तो विषारी. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा त्याचं नायट्रेट करतो, जे थोड्या प्रमाणात चालतं. तपासणीच्या संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत प्रवाळ सोडायचं नाही. रिकामी टाकी बघून पाहुणे हसतात. हसू द्यावं.

परदेशी पुस्तकांत हीटरवर पानंच्या पानं असतात. आपल्याला काळजी असते उलटी. प्रवाळाला 25 ते 27 अंश सेल्सिअस मानवतं आणि आपल्या घरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज 32च्या पुढे जातो. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. दमट हवेत त्याहूनही कमी. ज्यांच्या घरात उकाडा जास्त आहे त्यांनी चिलरचा खर्च आधीच धरावा, नाही तर हा नाद करू नये. पंख्यामुळे पाणी उडतं. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज लिटरभर जातं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आणि आपल्याकडची वीज लक्षात घेऊन बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच.

आता प्रवाळ कोणतं घ्यायचं? इथे आधी कायदा सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ जिथे आहे त्याच यादीत, 2001 साली प्रवाळांचे गट आले. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे. 2022च्या दुरुस्तीनंतरही कठीण प्रवाळं त्या अनुसूचीत आहेत. ती तोडणं, विकणं, मेलेला सांगाडा शोभेला म्हणून विकणं हाही गुन्हा आहे आणि त्याला 3 ते 7 वर्षं कैद होऊ शकते. मुंबईत सागरी किनारा रस्त्याचं काम आलं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या 18 वसाहती 2020मध्ये परवानगी काढून, काळजीपूर्वक उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. महापालिकेला जी परवानगी घ्यावी लागते ती तुम्हा-आम्हाला माफ कशी असेल? म्हणून मालवणला ओहोटीच्या वेळी खडकावर दिसलेला तुकडा पिशवीत घालू नये. समुद्रातून काढलेला ‘जिवंत दगड’ही घेऊ नये. मत्स्यालयासाठी तयार केलेले कृत्रिम दगड मिळतात, जिवाणूंना ते पुरतात.

कठीण प्रवाळं नवशिक्याला तशीही झेपत नाहीत. सांगाडा बांधायला त्यांना पाण्यात कॅल्शियम आणि क्षारता रोज एका पातळीत लागते. मऊ प्रवाळांना सांगाड्याचा हा संसार नसतो, म्हणून ती थोडं सोसतात. छोट्या टाकीसाठी मी तीन नावं सांगतो.

पहिलं मशरूम. पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखं दिसतं, नावही तेच. मंद उजेड आणि संथ पाणी त्याला आवडतं, म्हणून त्याची जागा तळाशी. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरं लेदर. हात लावला तर चामड्यासारखं लागतं. मध्यम उजेड आणि वाहतं पाणी त्याला हवं. मधूनच ते आक्रसतं, निस्तेज होतं, काही दिवस मिटून बसतं आणि मग अंगावरचा मेणासारखा पापुद्रा टाकून पुन्हा फुलतं. कात टाकणं म्हणा. या काळात घाबरून त्याला इकडून तिकडे हलवू नये. शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी ते पाण्यात रसायनं सोडतं, म्हणून फिल्टरमध्ये कार्बन असू द्यावा.

तिसरं झोअँथिड. बटणाएवढी रंगीत फुलं, गालिचा पसरल्यासारखी. दिसायला सगळ्यांत देखणी आणि त्यामुळेच सावध करायला हवं. या कुळातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. हवाई बेटांतल्या माउईवर हाना नावाचं ठिकाण आहे. तिथल्या लोकांना एका डबक्यातलं ‘जीवघेणं शेवाळ’ पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ते भाल्याच्या टोकाला लावत. ते शेवाळ म्हणजे झोअँथिडच्या कुळातला प्राणी निघाला आणि 1971मध्ये हवाईच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं विष वेगळं काढलं. म्हणून झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही. आणि त्यांचा दगड साफ करायचा म्हणून उकळत्या पाण्यात कधीही टाकायचा नाही, ब्रशने खरवडायचाही नाही. वाफेतून किंवा तुषारांतून विष श्वासात जातं. घरात लहान मुलं असतील आणि टाकीला झाकण नसेल तर झोअँथिड आणूच नये. पहिली दोन पुरेशी आहेत.

झेनिया नावाचं एक प्रवाळ दुकानदार कौतुकाने दाखवतो. त्याची बोटं सतत उघडझाप करतात, बघत राहावंसं वाटतं. ते बेशरमीच्या झुडपासारखं पसरतं. हवंच असेल तर बाकीच्यांपासून दूर, एका सुट्या दगडावर ठेवावं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारावा, ‘हे टाकीत वाढवलेलं आहे की समुद्रातून तोडलेलं?’ वाढवलेला तुकडा बहुधा छोट्या चकतीवर चिकटलेला असतो आणि कडेने त्याने नवी वाढ धरलेली असते. पावती मागावी. दुकानदार उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल तर चहा पिऊन परत यावं. मग तुकडा नीट बघावा. फुलं उघडलेली आहेत का, अंगावर तपकिरी चिकट पदार्थ आहे का, मांस सुटून आलंय का, दगडावर नको असलेली पारदर्शक समुद्रफुलं तर नाहीत? ती एकदा टाकीत आली की काँग्रेस गवतासारखी हटत नाहीत. आणि शक्य असेल तर तोच तुकडा आठवड्याने पुन्हा बघायला जावं. आठवडाभर दुकानात तग धरलेलं प्रवाळ घरातही टिकण्याची शक्यता जास्त.

घरी आणल्यावर घाई नको. टाकीचा दिवा मंद करावा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळतं. मग प्रवाळ पिशवीतल्या पाण्यासकट एका स्वच्छ भांड्यात काढून, बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. त्यानंतर प्रवाळासाठी मिळणाऱ्या औषधी द्रावणात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ बुडवावं. त्यावरचे किडे आणि चपटे कृमी गळून पडतात. वेगळ्या घेतलेल्या टाकीच्या पाण्यात खळबळून मगच आत ठेवावं. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नये.

आत ठेवताना सुरुवात तळापासून. आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू त्याच्या नेहमीच्या उंचीवर न्यावं. दुकानातल्या उजेडाची सवय असलेला जीव एकदम तुमच्या दिव्याखाली आला तर भाजून निघतो. दोन प्रवाळांत निदान चार बोटं अंतर असावं. आज चिमुकली दिसतात, पण ती वाढतात, आणि एकमेकांना टेकली की भांडतात. त्यांचं भांडण डंखांनी आणि विषाने होतं.

आणि एका वेळी एकच. पहिलं प्रवाळ सोडल्यावर तीन-चार आठवडे दुसरं आणू नये. एकाच दिवशी पाच आणली आणि तिसऱ्या दिवशी पाणी बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही. एकच आणलं असेल तर ते बोलतं. उजेड जास्त झाला की आकसतं, कमी पडला की उजेडाकडे ताणलं जातं, पाणी जोरात आदळलं की एका बाजूने मिटतं. ही भाषा शिकायला महिना लागतोच. एरवीचं काम थोडं आहे. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, दिवा आठ तास लावायचा, रोज एकदा तापमान बघायचं. खाणं अगदी थोडं. मऊ प्रवाळं बरंचसं उजेडावरच जगतात.

तापमान बघायची ही सवय लागली की वर्तमानपत्रातल्या काही बातम्या वेगळ्या वाचल्या जातात. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने वाढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्यालाच विरंजन म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं नाही तर मरतं. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हे 1998, 2010 आणि 2016मध्ये सोसलं. एप्रिल 2024मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेल्या चौथ्या विरंजनाची घोषणा केली, आणि त्या वर्षी लक्षद्वीप पुन्हा त्यात होतं. माझ्या टाकीत पारा 29वर गेला तर मी उठून पंखा लावतो. लक्षद्वीपला आणि मालवणला ती सोय नाही.

काही जण म्हणतात, मग घरात हा उद्योग करताच कशाला? प्रश्न रास्त आहे. समुद्रातून तोडून आणायचं असेल तर करूच नये. पण टाकीत वाढलेल्या मशरूमचा एक तुकडा सहा महिने नीट सांभाळणारी मुलगी उद्या मालवणच्या खडकावर पाय ठेवताना आधी खाली बघेल, एवढं मी माझ्या शेजारच्या घरात पाहिलं आहे. त्या मुलीला मी पहिला तुकडा दिला तो तिच्या टाकीचं पाणी दीड महिना तपासून झाल्यावर. तुम्हीही सुरुवात करणार असाल तर आज फक्त मीठ, रिफ्रॅक्टोमीटर आणि तपासणीचा संच आणा. प्रवाळाचं दुकान दीड महिन्यानंतरही उघडंच असेल.