पळसगावचा नाईक

आपल्या तिकोणा पेठेकडून घाट उतरला की खाली कोकण. त्या कोकणातले पळसगाव, तालुका माणगाव, हे यशवंत घाडगे यांचे गाव. जन्म १९२१ चा. मराठा पलटणीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात थेट इटलीत पोचले.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पलटणीने शत्रूच्या मोर्चावर चाल केली. घाडगे हे नाईक, म्हणजे एका लहान तुकडीचे म्होरके. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली नि तुकडीतले सारे जवान पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभा राहिला तो एकटा नाईक. माघारी फिरला असता तरी कोण बोल लावणार होते? पण गडी सरळ मशीनगनवर धावला. बाँब टाकून ती बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या, पुन्हा भरायला सवड नाही. तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि दांडक्यासारखी चालवून उरलेल्या दोघांना लोळवले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत व पाठीत गोळ्या घातल्या. वय अवघे २२.

लढाई इंग्रजांची होती, हे खरे. तरी आमच्या मते तो गडी धावला तो पडलेल्या सोबत्यांसाठी.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो पत्नीच्या हाती आला. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने छायाघड्याळ उभारले गेले.