एक ‘धा’, तीन स्पीकर

‘धा’ हा तबल्यावरचा एकच बोल, पण तो काढायला दोन्ही हात लागतात. उजव्याचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘गे’ एकाच क्षणी पडले तरच कानाला ‘धा’ ऐकू येतो. छोट्या गाडीच्या डिकीत सबवूफर बसवून घेतला, त्या संध्याकाळी घरी येताना मी तीनतालाचा ठेका लावला. डग्गा पाठीमागून घुमत होता आणि चाट समोर काचेजवळच्या ट्वीटरमधून टणटणत होती. वादक एकच, पण त्याचे दोन हात गाडीच्या दोन टोकांना! जोडणीत कुठेही चूक नव्हती. फक्त क्रॉसओव्हरला कोणी हात लावला नव्हता.

एकाच स्पीकरला सगळं का झेपत नाही, हे लहरींच्या लांबीवरून कळतं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर साडेआठ मीटरहून लांब, तर १०,००० हर्ट्झची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. खर्जासाठी भरपूर हवा ढकलणारा मोठा पडदा हवा. तारस्वरांसाठी सेकंदाला हजारो वेळा हलू शकेल इतका हलका. म्हणून काम वाटून द्यावं लागतं, आणि ती वाटणी क्रॉसओव्हर करतो. स्वस्त ट्वीटरच्या वायरीवर जो इवलासा कपॅसिटर चिकटवलेला दिसतो, तोही क्रॉसओव्हरच. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की ४,००० हर्ट्झच्या खालचे आवाज हळूहळू अडायला लागतात.

‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण क्रॉसओव्हर म्हणजे भिंत नव्हे, उतार. तो सप्तकामागे किती डेसिबल, असा मोजतात. एक सप्तक खाली म्हणजे कंपनसंख्या निम्मी, हे गाणं शिकणाऱ्यांना ठाऊक असतं. एकट्या कपॅसिटरचा उतार सप्तकाला ६ डेसिबल. ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा १२ किंवा २४ मिळतो. दारातल्या स्पीकरला ८० हर्ट्झला २४ डेसिबलने तोडलं, तर ४० हर्ट्झला त्याच्याकडे मूळ शक्तीचा अडीचशेवा हिस्साच पोचतो.

यानं दाराच्या स्पीकरला केवढा आराम मिळतो! आवाजाची पातळी तीच ठेवून कंपनसंख्या निम्मी केली, तर पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. साडेसहा इंची पडद्याला काही मिलिमीटरच जागा असते. ती खर्जातच संपली, तर त्याच पडद्यावर चाललेलं गाणं गढूळ होतं. आवाज फाटला की लोक महाग स्पीकर शोधायला निघतात. माझा आग्रह आहे की आधी ॲम्पवरचा स्विच ‘फुल’वरून ‘एचपीएफ’वर, म्हणजे खालचे स्वर अडवणाऱ्या फिल्टरवर, आणावा आणि बटण ८० च्या आसपास ठेवून पुन्हा ऐकावं.

मग ८० च का? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं, की आवाजाची दिशा कान दोन खुणांवरून ओळखतात : खालच्या स्वरांत दोन कानांपर्यंत पोचण्याच्या वेळेतला फरक, वरच्या स्वरांत तीव्रतेतला. ८० हर्ट्झची लहर सव्वाचार मीटरहून लांब. तिच्यापुढे आपलं डोकं इतकं लहान, की दोन्ही कानांना जवळपास सारखंच ऐकू येतं आणि दिशेचा पत्ता लागत नाही. सबवूफर डिकीत लपू शकतो तो याच जोरावर. माझा लपत नव्हता, कारण तो दीडशे हर्ट्झपर्यंत गात होता आणि वर मागची नंबरप्लेट खडखडत होती. नंबरप्लेटमागे फोमची पट्टी लावली आणि सबचा ‘एलपीएफ’, म्हणजे वरचे स्वर अडवणारा फिल्टर, ८० वर आणला, तेव्हा डग्गा पुष्कळसा पुढे सरकला.

पुष्कळसा, पूर्ण नव्हे. खरी मेख सांध्यावर असते, जिथे दोन स्पीकर एकच स्वर वाजवत असतात. १९३० मध्ये इंग्लंडच्या बटरवर्थ यांनी मांडलेल्या फिल्टरमध्ये सांध्यावर प्रत्येक बाजू ३ डेसिबलने उतरलेली असते. दोन्ही लहरी एका तालात आल्या तर बेरीज ३ डेसिबलने जास्त होते, तिथे फुगवटा येतो. हेवलेट-पॅकार्डमधले दोन अभियंते, सिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली यांनी असे दोन फिल्टर एकामागून एक जोडले. लिंक्विट्झ यांनी ते १९७६ मध्ये प्रसिद्ध केलं. यात सांध्यावर प्रत्येक बाजू ६ डेसिबल खाली, म्हणजे लहरीची उंची बरोबर निम्मी. निम्मं अधिक निम्मं, एक. मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते.

मात्र ही बेरीज जमायला लहरी एकाच वेळी पोचायला हव्यात, आणि गाडीत तेच होत नाही. माझ्या कानापासून उजव्या दारातला स्पीकर ९० सेंटिमीटर, डावा १३५ आणि सबवूफर १७५. सबचा आवाज उजव्या दाराच्या अडीच मिलिसेकंद मागून येतो. ८० हर्ट्झला ही लहरीच्या पाचव्या भागाची चूक. डीएसपी, म्हणजे डिजिटल प्रक्रियेची सोय, असलेल्या ॲम्पमध्ये जवळच्या स्पीकरला तेवढं थोपवता येतं. ती सोय नसेल तर सबच्या प्लस-मायनस तारा उलट करून पाहाव्या, आणि चालकाच्या जागेवर बसून ज्या जोडणीत सांध्याजवळचे स्वर भरदार लागतील ती ठेवावी.

ट्वीटरचा सांधा अडीच ते साडेतीन हजार हर्ट्झच्या दरम्यान. त्याहून खाली नाजूक ट्वीटरचा जीव धोक्यात. त्याहून वर दारातल्या पडद्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जाऊन बसलेल्यांच्या नडग्यांवर आदळतो.

पारख करायला डग्ग्याचा घिस्सा घ्यावा. तळव्याच्या दाबानं त्याचा स्वर घसरत वर चढतो, आणि चढता चढता सबचा प्रांत सोडून दाराच्या प्रांतात शिरतो. सांधा चुकला असेल तर तो स्वर डिकीतून निघून दारापर्यंत चालत आलेला ऐकू येतो. तीन रविवार खटपट केल्यावर माझ्याकडे तो समोर, काचेखाली उमटू लागला आणि ‘धा’ एका माणसाचा झाला. हे अर्थात माझ्या सीटपुरतं. डाव्या सीटला तेच आकडे उलटे पडतात. म्हणून बायको शेजारी असली की मी दुसरी साठवलेली सेटिंग लावतो. तीत डावं-उजवं दार सारखंच आहे, आणि तबला कोणाच्याच अगदी समोर नाही.