असं का होतं? : आंब्यावरून आजोळी

गप्पा आंब्यावरून सुरू होतात आणि पाच मिनिटांत आजोळच्या विहिरीवर पोचतात. मधले दुवे कुणी सांगत नाही, तरी सगळ्यांना वाट सापडते. कशी?

वारंवार एकत्र अनुभवलेल्या गोष्टी स्मृतीत एकमेकींशी जोडल्या जातात. अ‍ॅलन कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७५ मध्ये मांडलेलं चित्र मला फार पटतं: एक कल्पना जागी झाली, की तळ्यात खडा पडल्यावर तरंग उठावेत तशी ती जाग शेजारच्या कल्पनांकडे पसरते आणि दूर जाता जाता विरते.

याचा पुरावा त्याआधीच, १९७१ मध्ये, मिळाला होता. डेव्हिड मेयर आणि रॉजर श्वानेवेल्ट यांनी लोकांना अक्षरसमूहांच्या जोड्या दाखवल्या आणि ते खरे शब्द आहेत का, एवढंच विचारलं. ‘ब्रेड’ आणि ‘बटर’ सोबत असले की उत्तर झटकन येई. ‘बटर’सोबत ‘नर्स’ असली की उशीर होई. म्हणजे एक शब्द वाचतानाच त्याचा सोबती अर्धा जागा झालेला असतो.

आणि अपेक्षित शब्दाऐवजी भलताच आला तर? ‘तिने भाकरीबरोबर मोजे खाल्ले’ अशा वाक्याला मेंदू विद्युतलहरीने दाद देतो. भलता शब्द दिसल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, ती लहर टिपेला पोचते.