परसातला टोमॅटो आजारी पडला तर

औषध फवारण्याआधी पान नीट पाहा. खालच्या जुन्या पानांवर एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी डाग म्हणजे करपा. पाटण-महाबळेश्वरच्या झडीत तो झपाट्यानं पसरतो. डागाळलेली पानं खुडून नष्ट करा, पाणी बुडाशीच घाला.

जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत पांढरी माशी जास्त सतावते. शेंड्याची पानं आखडून वर वळली, की समजा या माशीनं पसरवलेला बोकड्या रोग. यावर औषध नाही; रोप उपटा, बाकीच्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा.

हिरव्या रोपानं एकाएकी मान टाकली, तर खोडाचा तुकडा कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. कापातून दुधाळ धागे सुटले, तर ती जिवाणूजन्य मर. त्या मातीत वांगी-मिरचीही लावू नका.

फळाचं बूड काळं पडणं हा मात्र रोग नव्हे. अनियमित पाण्यामुळे फळाला कॅल्शियम कमी पडतं.

2020 मध्ये राज्यात टोमॅटोच्या ‘तिरंगा’ विषाणूची आवई उठली. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेला नमुन्यांत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू आढळला. वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत. तेव्हा रोपाची काळजी घ्या, पण टोमॅटो बिनधास्त खा.