कोयनेचे अवजल आणि अंजनवेलची खाडी

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे, गोपाळगड ज्या टेकडीवर उभा आहे तिच्याखाली, वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते आणि समोरच्या तीरावर बहमनी व आदिलशाही काळात भरभराटीला आलेले दाभोळ बंदर दिसते. या मुखापासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीचे पाणी आत शिरते, म्हणून नदीच्या एवढ्या पट्ट्याला खाडी म्हणतात. आणि याच भरतीच्या जोरावर एके काळी मालाची गलबते गोवळकोटच्या धक्क्याला लागत असत. मात्र उन्हाळ्यात या खाडीत उतरणारे गोडे पाणी बहुतांशी कोकणात पडलेल्या पावसाचे नसते, ही तिची खरी विलक्षण गोष्ट आहे.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना निसर्गक्रमाने कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिला अडवल्यावर सह्याद्रीच्या माथ्यावर तापोळ्यापर्यंत पसरलेला शिवसागर जलाशय तयार झाला, आणि त्यातले पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले जाऊ लागले. तेथून ते कोळकेवाडीच्या धरणात साठते, अलोरे येथे पुन्हा एकदा वीज निर्माण करते आणि अखेर वाशिष्ठीत येते. वीज निर्माण करून झाल्यावर सोडून दिलेल्या या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे ६७.५ अब्ज घनफूट, पाण्याची मर्यादा घातली होती; वर्षभर सारखे वाटले तर ते दिवसाला सुमारे साडेअठरा कोटी घनफूट होते. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर डोहांपुरत्या उरत असताना वाशिष्ठी वाहती राहते, ती या पाण्यामुळे.

खाडीतले जीवन खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या या मिश्रणावर, म्हणजे मचूळ पाण्यावर, उभे आहे. समुद्राचे पाणी जड असल्याने ते भरतीबरोबर तळाकडून आत सरकते, तर नदीचे हलके पाणी वरून बाहेर पडते, आणि या दोहोंच्या सीमा उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आत जातात व भांगाच्या लहान भरतीला मागे हटतात. काठच्या चिखलात तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे उभी असतात; चिखलात हवा नसल्याने तिवराची मुळे पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात आणि त्यांच्या जाळीत कोळंबीची व माशांची पिल्ले मोठ्या माशांपासून सुरक्षित वाढतात. समुद्रात पकडल्या जाणाऱ्या कित्येक जातींचे बालपण अशा खाडीतच जाते, म्हणून खारफुटीचे नुकसान झाले की त्याची झळ खोल पाण्यात मासेमारी करणाऱ्या बोटींनाही बसते. वरच्या अंगाला, जेथे पाणी गोडे होते, तेथे चिपळूण परिसरात मगरी आढळतात. या सगळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला भोई समाज पाग टाकून मासे धरतो, ओहोटीला कालवे व तिसऱ्या गोळा करतो, आणि पाण्याचा रंग व वास बदलला की त्याला ते इतर कोणाच्याही आधी कळते.

हा बदल त्याने सोसला आहे. लोटे-परशुराम येथील रासायनिक उद्योगांच्या सांडपाण्याने खाडीतले मासे मरतात, ही काठच्या गावांची तक्रार कित्येक वर्षांची आहे, आणि ती केवळ व्यवसायाच्या नुकसानीची मानणे अन्यायाचे ठरेल. खाडी हीच ज्यांची शेती, त्यांच्या घरातले रोजचे अन्नच त्यामुळे हिरावले जाते. पावसाळ्याचे संकट याहून वेगळे: सह्याद्रीवरचा पूर आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली तर पाण्याला उतरायला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर बुडाले, तेव्हा वाशिष्ठीच्या पुराचे हे रूप साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

अवजल समुद्रात वाया जाते, तेव्हा ते मुंबईकडे न्यावे, असा विचार वेळोवेळी मांडला जातो. शहरांची तहान खरी आहे. पण अलोऱ्याहून निघालेले पाणी अंजनवेलच्या मुखाशी पोहोचेपर्यंत वाटेतल्या गावांच्या पाणीयोजनांना पुरते, उन्हाळ्यातला क्षार मागे रेटते आणि कोळंबीच्या पिल्लांना हवे असलेले मचूळ पाणी तयार करते, म्हणून त्यातले किती उचलता येईल याचे गणित खाडीच्या तळाशी आणि भोयांच्या वस्त्यांत मोजमाप करूनच मांडावे लागेल.