सूचनापुस्तिकेचा यांत्रिक तपासनीस

गेल्या वर्षीं आम्हीं कांहीं विद्यार्थ्यांनीं शाळेच्या संगणकवर्गासाठीं एक सूचनापत्रक तयार केलें. त्यांत ‘दिवा लुकलुकत नसतांना पेनड्राइव्ह काढावा’ असें एक वाक्य होतें. स्वच्छ प्रत टंकलिखित करितांना ‘नसतांना’च्या जागीं ‘असतांना’ पडलें. धाकट्या वर्गांतील एका मुलानें ती सूचना तंतोतंत पाळिली आणि त्याचा सबंध सहामाहीचा प्रकल्प नाहींसा झाला. संगणकाच्या शुद्धलेखन-तपासनीसानें त्या वाक्याखालीं एकहि तांबडी रेघ ओढिली नव्हती. कारण ‘असतांना’ हा शब्द शुद्धच आहे. तेव्हांपासून यंत्र काय तपासूं शकतें व काय तपासूं शकत नाहीं, हा प्रश्न आमच्या मनांत घोळत होता. त्याचा शोध घेतांना जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकानें कोणतें काम कसें करावें हें सांगणाऱ्या आज्ञांचा संच. तो कसा वापरावा व कसा दुरुस्त करावा, हें माणसांस सांगणारें लिखाणहि त्यासोबत असावें लागतें. शिवणयंत्राबरोबर येणारी पुस्तिका एकदां छापली कीं भागतें, कारण घरांतील यंत्र बदलत नाहीं. सॉफ्टवेअर मात्र वारंवार बदलतें. आज एका बटणाचें नांव बदललें, कीं काल खरें असलेलें पान कोणीं हात न लावतां खोटें ठरतें. अशीं हजारों पानें प्रत्येक फेरबदलानंतर कोण वाचणार? म्हणून हें काम यंत्राकडे सोंपविण्यांत आलें. लेखकानें पान पाठविलें कीं तपासणी आपोआप चालते, आणि दोष आढळल्यास तो लेखकास दाखविला जातो.

या तपासणीची पहिली पायरी शब्दांची. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत शब्द तपासणारी ‘स्पेल’ आणि लेखनशैली तपासणाऱ्या ‘स्टाइल’ व ‘डिक्शन’ या आज्ञावली तयार झाल्या. दुसरी पायरी नियमांची: वाक्य फार लांब आहे काय, एकाच वस्तूस दोन ठिकाणीं दोन नांवें दिलीं आहेत काय. पुण्यांतहि कार्यालय असलेल्या रेड हॅट कंपनीनें आपले असे लेखननियम ‘व्हेल’ नांवाच्या यांत्रिक तपासनीसासाठीं मांडून ते सर्वांस खुले केले आहेत. तिसरी पायरी दुव्यांची: ‘अमुक पान पाहा’ असें म्हटलें असेल, तर तें पान खरोखर आहे काय. चौथी पायरी उदाहरणांची, आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ‘पायथॉन’ या संगणकभाषेसोबत २००१ सालापासून ‘डॉकटेस्ट’ नांवाची सोय मिळते. लेखांत ‘ही आज्ञा दिल्यास उत्तर पांच येईल’ असें उदाहरण असलें, तर यंत्र ती आज्ञा स्वतः चालवून पाहतें. उत्तर सहा आलें, तर लेख व आज्ञावली यांची फारकत झाली हें तत्काळ उघड होतें.

आपल्या मराठीस या कामीं निराळ्याच अडचणी येतात. शब्दांच्या यादींत केवळ ‘पाणी’ असेल, तर ‘पाण्यानें’, ‘पाण्यांतून’, ‘पाण्यासारखें’ हे सर्व शब्द यंत्रास चुकीचे वाटतात. त्यास सामान्यरूपाचे नियम शिकवावे लागतात. अर्थात् व्याकरणाच्या तासाला आपण जें घोकतों, तेंच! भाषांतरांतहि अशीच खुबी आहे. मूळ इंग्रजी वाक्यांत नांव किंवा संख्या भरण्यासाठीं टक्क्याचें चिन्ह घालून जागा राखलेली असते. मराठींत वाक्यरचना बदलली, कीं त्या जागांचा क्रमहि बदलतो. त्यांतील एखादी खूण चुकली, तर आज्ञावली चालतां चालतां बंद पडण्याचा धोका असतो. ‘गेटटेक्स्ट’ या साधनांतील तपासणी अशी चूक आधींच पकडते.

लेख आणि कृति यांची गांठ घालून न पाहिल्यास काय होतें, याचें मोठें उदाहरण १९९९ सालीं घडलें. अमेरिकेनें मंगळाकडे धाडलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यानाच्या लेखांत धक्क्याचें माप न्यूटन-सेकंदांत द्यावें असें स्पष्ट लिहिलें होतें. जमिनीवरील एक आज्ञावली मात्र तें पौंड-सेकंदांत देत राहिली. दोहोंत सुमारें साडेचार पटींचा फरक. २३ सप्टेंबर रोजीं तें यान मंगळापाशीं नष्ट झालें. लेख बरोबर होता; आज्ञावली त्याप्रमाणें वागते कीं नाहीं, हें वेळीं पडताळलें गेलें नाहीं.

तरी यंत्राची धांव कोठवर, हेंहि जाणलें पाहिजे. आपल्या पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाली. अनेक पोथ्यांतील पाठ अक्षराखालीं अक्षर मांडून ताडून पाहण्यांत आले. ताडून पाहण्याचें तें काम यंत्रासारखें काटेकोर. परंतु कोणता पाठ स्वीकारावा, हा निर्णय विद्वानांनींच केला. तसेंच येथें. ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब. दोन्ही शब्द शुद्ध असल्यानें केवळ यादी पाहणारें यंत्र दोहोंसहि सोडून देतें. सूचना खरी आहे काय, ती वाचणाऱ्यास उमजेल काय, हें माणसासच पाहावें लागतें.

आमचें नवें पत्रक आतां आम्ही प्रथम यंत्राकडून तपासून घेतों. नंतर तें कोणा धाकट्या मुलाच्या हातीं देऊन, रिकाम्या पेनड्राइव्हवर त्याप्रमाणें करावयास सांगतों आणि आपण तोंड न उघडतां पाहत राहतों. तो जेथें अडखळेल तेथें दोष पत्रकाचा, मुलाचा नव्हे. ज्या मुलाचा प्रकल्प बुडाला, तोच आमचा पहिला परीक्षक झाला. त्यानें तें जुनें वाक्यच बदलावयास लाविलें. आतां तेथें असें आहे: ‘दिवा पुरता विझेपर्यंत थांबावें. मग पेनड्राइव्ह काढावा.’ एक अक्षर बदलल्यानें या वाक्याचा अर्थ उलटा होण्याची भीति आतां उरली नाहीं.