बरोबर शब्द, तरी कुलूप उघडेना

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवताना आम्ही संपूर्ण डिस्क कूटबद्ध केली. संगणक चोरीला गेला तरी आतले कुणाला वाचता येऊ नये, हा हेतू. त्याच बैठकीत दोन वर्षांची निरीक्षणे तिच्यावर उतरवली आणि, घाईच म्हणायची, जुनी डिस्क कोरी केली. संगणक पुन्हा सुरू केला, तर परवलीचा शब्द चुकीचा! दहादा टाइप केला; उत्तर तेच.

अशा वेळी आत काय घडते? आपला शब्द ही खरी किल्ली नसतेच. लिनक्सवर रूढ असलेल्या 'लक्स' पद्धतीत खरी किल्ली संगणक यदृच्छया निवडतो. ती स्वतः कूटबद्ध होऊन डिस्कच्या आरंभीच्या लहानशा भागात, शीर्षात, एका पेटीत बसते. आपल्या शब्दावरून गणिताने दुसरी किल्ली तयार होते आणि ती ही पेटी उघडते. हे गणित मुद्दाम वेळखाऊ ठेवतात, म्हणजे लाखो शब्द आजमावू पाहणाऱ्याला ते जड जावे. शब्दातले एक अक्षर बदलले की तयार होणारी किल्ली पार निराळी. 'जवळजवळ बरोबर' असे येथे काही नाही.

तेव्हा एक तर शीर्ष बिघडले होते (मग निरीक्षणे गेलीच!), किंवा आम्ही टाइप केलेला शब्द यंत्राला वेगळाच पोचत होता. आम्ही पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, पूर्वीच्याच निवडी केल्या आणि तोच शब्द दिला. डिस्क उघडली! मग कोऱ्या फायलीत तो शब्द टाइप करून पाहिला. '@' च्या जागी अवतरणचिन्ह उमटले.

लिनक्स बसवताना आम्ही ब्रिटिश कळफलक निवडला होता. त्यात शिफ्ट आणि २ दाबल्यास दुहेरी अवतरणचिन्ह येते. आमच्या कळांवर छापलेल्या अमेरिकी मांडणीत '@'. परवलीचा शब्द ठिपक्यांनी झाकलेला, म्हणून चूक दिसली नाही. डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या आरंभिक प्रणालीपर्यंत मात्र आमची निवड पोचली नव्हती; तेथे लिनक्सची मूळची अमेरिकी मांडणीच चालू होती.

पुढच्या वेळी शिफ्टबरोबर अवतरणचिन्हाचीच कळ दाबली आणि संगणक सुरू झाला. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत एकाच किल्लीसाठी ३२ पर्यंत पेट्या असू शकतात. म्हणून केवळ अक्षरे व अंक असलेला नवा शब्द दुसऱ्या पेटीला दिला, तो चालतो हे पाहिले, मगच जुना काढला. त्यानंतर शीर्षाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली. आधी नाही, कारण त्या प्रतीत जुना शब्दही चालत राहिला असता.